दोन तृतीयांश

रविवारी सकाळी साडेसातला मी घरासमोरच्या रस्त्यावर, एका मोटारहोमच्या पोटाखाली, तोंडात टॉर्च धरून उताणा पडलो होतो. डोक्याशी पांढऱ्या पट्ट्याच्या दोन स्लिपर येऊन थांबल्या.

"काऊन जी," स्लिपर म्हणाल्या, "पंक्चर आहे का?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडी माझी नाही. गाडी साडूची. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर कुण्या हौशी माणसानं बांधलेलं हे चाकांवरचं घर साडूंनी जुनं घेतलं. ते त्यांच्या गल्लीत मावत नाही म्हणून आमच्या दारात उभं असतं. मे महिन्यात दोन कुटुंबं पाच दिवस पेंचच्या जंगलातलं सिल्लारी आणि नवेगाव बांध करून आलो. उतरताना ज्याने त्याने आपापली बॅग घेतली. टाकी कुणाचीच नव्हती.

अशा गाडीला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी करड्या टाकीत जातं. उरलेलं ज्यात जातं तिला काळी टाकी म्हणतात, आणि या नावात अतिशयोक्ती मुळीच नाही. ती रिकामी करायची रीत सोपी आहे. ३ इंची पाइप एका बाजूनं टाकीला जोडायचा, दुसरं टोक अंगणातल्या चेंबरमध्ये सोडायचं आणि झडप ओढायची. आधी काळी, मग करडी, म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. शिवाय काळ्या टाकीच्या आत एक फवारा बसवलेला असतो. गाडीच्या बाहेरच्या तोंडाला नळाचा पाइप लावला की तो आतल्या भिंती धुतो. संडासात पाऊलही न टाकता संडास धुण्याची सोय. साडूंनी गाडी दाखवताना या फवाऱ्याचं कौतुक ज्या आवाजात केलं होतं, त्या आवाजात लोक जावयाचा पगार सांगतात.

मी झडप ओढली. पाणी गेलं, ऐवज राहिला. आत पॅनेलवर टाकी किती भरली ते दाखवणारे चार दिवे आहेत. त्यातला 'दोन तृतीयांश'चा दिवा शांतपणे जळत होता. फवाऱ्याला पाइप लावून नळ सोडला, तर पाइप टम्म फुगला, टाकीत थेंब जाईना, आणि बेसिनखालच्या कपाटातून पाणी टपकायला लागलं. तिथं साडूंनी पोह्यांचं पाकीट ठेवलं होतं.

"पंक्चर नाही काका. टाकी चोक झाली."

"डिझेलची?"

"नाही."

"पाण्याची?"

"पाण्याचीही नाही."

समोरच्या घरातले काका वाकले. ३ इंची पाइप पाहिला. तो कुठून निघतो ते पाहिलं, कुठं जातो ते पाहिलं. मग सरळ झाले आणि दोन पावलं मागे सरकले. पण गेले नाहीत. नागपुरात दुसऱ्याची गाडी उघडी असताना घरी जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"म्हंजे हे सगळं," त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं, मग उत्तरेकडे, "तुम्ही पेंचहून इथं आणलं?"

"हो."

"काऊन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "जंगलात कसं सोडणार, काका?"

"वाघ सोडते ना जी. वाघाले कोन विचारते?"

एवढं बोलून त्यांनी घराकडे हाक मारली. नातू लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. मागून चहा आला, एक कप. काकांनी खुर्ची गाडीच्या सावलीत, माझ्या पायापासून चार फुटांवर मांडली आणि नवरदेवाच्या मामासारखे ऐसपैस बसले.

"आता सांगा. सुरुवातीपासून सांगा."

मी सांगितलं. म्हणजे गाडीखालून ओरडून सांगितलं. मुळात घोळ साडूंचा होता. नवेगावला त्यांनी पाइप खड्ड्यात सोडून दोन दिवस झडप उघडीच ठेवली, 'सारखं सारखं कोण उघडणार' म्हणून. अशानं पातळ तेवढं निघून जातं आणि घट्ट ते मागे थांबून ढीग घालतं. ही टाकी बंदच ठेवायची असते, बरीचशी भरली की एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोरानं सगळं वाहून जातं. त्यात पाणी वाचवायचं म्हणून साडूंनी संडासातल्या मगावर मार्करनं रेघ मारली होती. रेघेच्या वर कुणी पाणी घ्यायचं नाही. मी नियम पाळला. आता वाटतं, पाळायला नको होता.

"ते समजलं," काका म्हणाले. "फवाऱ्याचं काय?"

"कळत नाही."

"जाळी पाह्यली का?"

"यात जाळी नसते, काका."

"जाळी कशी नाही? कूलरमंधी काय अस्ते? टाकी अस्ते, पंप अस्ते, जाळी अस्ते. पाणी वर जाते, खाली पडते. तुमचंही पाणी वर जाऊन खालीच पडून राहिलं ना?"

"यात पंपही नाही."

"मंग तिथंच चुकलं."

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात एकच विद्या उरते, ती कूलरची. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळे मे महिन्यात गच्चीत किंवा खिडकीत लोंबकळत कूलरचं वुडवुल, म्हणजे जाळीतल्या लाकडाच्या बारीक काड्या, बदलताना दिसतात. पंप जॅम झाला तर कुणी मेकॅनिक बोलावत नाही, चपराक मारतो. माझी मोठी बहीण पुण्याला दिली तेव्हा तिला रडू आलं ते माहेर सुटण्याचं होतं की कूलर सुटण्याचं, यावर घरात अजून एकमत नाही. त्यामुळे काकांना जगातलं कुठलंही यंत्र कूलरची पोटजात वाटते, यात त्यांचा दोष नाही. फक्त त्या वेळी मी ज्याच्या खाली पडलो होतो तो कूलर नव्हता.

"बेसिनखालून पाणी काऊन टपकते मंग?"

"तिथं एक झडप असते. टाकीपेक्षा उंचावर बसवतात. नळाचं पाणी अचानक गेलं तर टाकीतली घाण उलटी ओढली जाऊन नळाच्या लाइनीत शिरू नये म्हणून. पुढं रस्ता तुंबला की तीच गळते."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे घान वर चढते?"

"चढू शकते."

"नळात?"

"झडप असल्यावर नाही चढत."

"आन् झडप गळून राहिली."

मी गप्प बसलो. मग काकांनी आवाज उतरवला. "तुम्ही कायले हात घालता जी? माझ्या पाह्यण्यात एक पोट्टा आहे. पाचशे द्या, सगळं काढून देते. त्येंचं कामच आहे थे."

खरं सांगायचं तर माझा हात खिशाकडे गेला होता. त्यांनी म्हणायच्या आधी गेला होता. १९९३ ला एक कायदा झाला, २०१३ ला त्याहून कडक दुसरा झाला. माणसानं माणसाची घाण हातानं उपसायची नाही, आणि गटारात उतरून माणसं तरीही मरतात. आम्ही पाच दिवस जंगलात जाऊन मजा करणार, मगावर रेघ मारणार, आणि मग पाचशेची नोट घेऊन कुणाचा तरी पोरगा शोधणार. सरकारनं २०२१ ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या कुठे, हे साडूंना कुणी सांगितलं नाही, आणि गाडी घेताना साडूंनीही कुणाला विचारलं नाही.

"नको काका. मीच करतो."

"तुमची मर्जी," काका म्हणाले, आणि मी त्यांचा अपमान केल्यासारखे दोन मिनिटं गप्प राहिले. सकाळपासूनची सगळ्यात चांगली दोन मिनिटं.

तेवढ्यात टाकीच्या तोंडाशी बसवलेली एकमार्गी झडप मी खोलली. पाणी आत जाऊ द्यायचं, उलटं येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती गच्च भरली होती. कशानं? वुडवुलनं. बारीक पिवळ्या काड्या, वर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, लाडू वळल्यासारखा.

आमचा पाइप कूलर भरायचा होता. टोक कूलरच्या टाकीत बुडालेलं, आणि नळ बंद केला की तिथलं पाणी काड्यांसकट पाइपात उलटं ओढलं जायचं. गेल्या महिन्यात साडूंनीही हाच पाइप लावला होता. म्हणजे घाण उलटी चढत होती हे खरंच, फक्त ती कूलरमधून चढत होती.

मी ती काडी काकांना दाखवायला नको होती.

"कूलर!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "मी काय म्हणून राहिलो सकाळपासून?" मग रस्त्याने दूध घेऊन जाणाऱ्या बाईंना थांबवून सांगितलं. नातवाला सांगितलं. घरात फोन करून काकूंना सांगितलं. काकू पंधरा फुटांवर खिडकीतच उभ्या होत्या.

झडप धुतली, लिंबूसत घातलेल्या गरम पाण्यात बुडवली, परत बसवली. पाइप बदलला. या वेळी फवारा सुरू झाल्याचा छान सरसर आवाज आतून आला. ढीग भिजावा म्हणून खालची झडप बंद ठेवून टाकीत पाणी भरू दिलं. हे करताना नळापासून हलायचं नाही, नजर हटवायची नाही, हा एकच नियम आहे.

काकांनी १९८४ साली घेतलेल्या पहिल्या कूलरची गोष्ट सुरू केली. पत्रा कुठला, मोटर कुठली, बर्डीच्या बाजारातून सायकलवर कसा आणला. मी मधेमधे पॅनेल पाहून येत होतो. दोन तृतीयांश. परत पाहिलं. दोन तृतीयांश. निश्चिंत होतो. टाकीच्या भिंतीतल्या, पातळी ओळखणाऱ्या खिळ्यांवर घाण चिकटली की तो दिवा महिनोन्‌महिने तेच सांगतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आठवणं यांच्यामध्ये त्या दिवशी १९८४ सालचा कूलर होता.

गाडीतून गुडगुड आवाज आला. मी नळाकडे धावलो. तोवर छतावरच्या हवेच्या नळीतून ते बाहेर आलं, थोडं थांबलं, आणि सावलीच्या बाजूनं खाली उतरलं.

सत्तरी ओलांडलेला माणूस इतक्या चपळाईनं उठू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. काका वाचले. खुर्ची वाचली नाही.

"पाह्यलं?" फाटकातून काका ओरडले. "चढलं ना वर?"

मी खालची झडप ओढली आणि सगळं एका दमात गेलं. चेंबर, गडरलाइन, पुढे भांडेवाडी. तिथं शुद्ध झालेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे साडूंची सहल एक दिवस वीज होऊन आमच्याच कूलरमध्ये येणार आहे. मी नंदनवनात राहतो. वस्तीचं नावच आहे ते.

खुर्ची मी तीनदा धुतली. फिनाइल, साबण, पुन्हा फिनाइल. संध्याकाळी स्वतः नेऊन दिली. काकांनी ती उलटी केली, चारही पाय पाहिले, वास घेतला आणि माझ्याच हातात परत दिली.

"राहू द्या जी तुमच्याकडंच. पुढच्या वेळी आलो की बसाले होईल."