पायमोज्यातली स्ट्रिप

गेल्या जानेवारीत धाकट्या भावाच्या लग्नासाठी मी डब्लिनहून बडोद्याला गेले होते. नोंदणी विवाह वर्षभर आधीच झाला होता, त्यामुळे भावजयीचा व्हिसा हातात होता. लग्न लागल्यावर दहा दिवसांत दोघं कॅनडाला निघणार होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मधल्या खोलीत बॅगा उघड्या पडलेल्या. आत्याने सगळा कारभार आपल्याकडे घेतला होता. लिलो चिवडा, भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून. दर दोन तासांनी ती हुकाचा वजनकाटा लावायची, तेवीस किलोच्या वर गेलं की बॅग पुन्हा रिकामी करायची, पुन्हा भरायची.

भावजयीच्या बॅगेतली प्रत्येक वस्तू अशी चार-पाच वेळा आत्याच्या हाताखालून गेली. भावाची बॅग तिने नुसती उचलून तोलली. आत काय आहे हे बघावंसं कुणालाच वाटलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर भावजय दिव्याखाली बसून कात्रीने काहीतरी कापत होती. गर्भनिरोधक गोळ्यांच्या तीन महिन्यांच्या स्ट्रिपा होत्या. खोका तिने आधीच फाडून टाकला होता. आता स्ट्रिपच्या कडेची नाव छापलेली पट्टी कापून ती स्ट्रिप लोकरीच्या पायमोज्यात सरकवत होती, आणि तो मोजा मोठ्या बॅगेच्या तळाशी, स्वेटरच्या खाली. मला बघून दचकली. "ताई, आत्यांना सांगू नका हं." मी म्हटलं, "अगं, सांगत नाही, पण या तुझ्या हातातल्या पर्समध्ये ठेव." तिने मान हलवली. पर्ससुद्धा सकाळी आत्याच लावून देणार होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फार्मसिस्ट आहे, डब्लिनमध्ये औषधांच्या दुकानात रोज याच गोळ्या लोकांच्या हातात देते, आणि त्या रात्री मी पाणी पिऊन झोपायला गेले. याचं मला आजही वाईट वाटतं.

मोठी बॅग तिच्याबरोबर पोचली नाही. चौथ्या दिवशी आली. दुसऱ्या दिवशीच तिने मला फोन केला होता. गोळी चुकलेली, नव्या गावात ओळखीचा डॉक्टर नाही, तिथे ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जवळच्या फार्मसीत तिला पहिला प्रश्न विचारला तो गोळीच्या नावाचा. नाव तिला आठवेना. नाव बडोद्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेलं. "गुलाबी पाकीट होतं," एवढंच ती सांगू शकली. सलग दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या की पुढचे सात दिवस निरोधसारखी जास्तीची काळजी घ्यावी लागते, कधी तातडीच्या गोळीचाही विचार करावा लागतो. हे सगळं आम्ही फोनवर, ती कुजबुजत आणि मी समजावत, पार पाडलं. हे मी तिला विचारून लिहिते आहे. "लिहा, ताई, पण नाव नको," असं ती म्हणाली.

विमानतळाच्या कुठल्याही नियमाने तिला त्या गोळ्या लपवायला सांगितलं नव्हतं. निरोध, गोळ्या, पॅड, मेन्स्ट्रुअल कप, यातलं काहीही हातातल्या सामानात न्यायला मनाई नाही. तांबी बसवलेली असेल तर यंत्र वाजेल का, असं मला बडोद्याच्या मैत्रिणी हमखास विचारतात. वाजत नाही. वंगणाचं जेल असेल तर शांपूला आहे तोच नियम: बहुतेक विमानतळांवर शंभर मिलीलिटरपर्यंतची बाटली, सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. द्रवांचा हा नियम 2006 साली लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघडकीला आल्यावर आला, त्याचा नीतीशी संबंध नाही. लिथियम बॅटरीवर चालणारं खाजगी वापराचं एखादं साधन असेल तर तेही हातातल्या बॅगेतच बरं, कारण बॅटरी तापली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं. सुट्ट्या बॅटऱ्या तर खालच्या सामानात चालतच नाहीत. अशा साधनांबद्दल मात्र ज्या देशात उतरायचं तिथला कायदा आधी बघावा. आपल्याकडे कस्टम्स 1964 च्या एका अधिसूचनेचा आधार घेऊन 'अश्लील' म्हणून माल अडवत आलं आहे. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बॉडी मसाजरच्या बाबतीत तो अर्थ मान्य केला नाही.

म्हणजे नियम मोकळे आहेत आणि भीती घरातली आहे. ही भीती वस्तूला नेमकी चुकीच्या जागी नेऊन ठेवते: खाली, खोल, नाव पुसून.

आता घरच्या वादाबद्दल. दर नवरात्रात गुजरातमध्ये एक बातमी ठरलेली असते: गरब्याच्या दिवसांत निरोधची विक्री वाढली. लगेच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर संस्कृतीचा विषय निघतो. 2017 च्या नवरात्रात निरोधच्या जाहिरातीच्या फलकांवरून गुजरातेत वाद झाला आणि त्याच डिसेंबरात केंद्राने टीव्हीवरच्या अशा जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळेत दाखवायला सांगितल्या. ग्रुपवर कुणीतरी मला उद्देशून लिहितं, "तुमच्या तिकडे चालतं हे सगळं, इकडे नको." निरोध विकला गेला याचा अर्थ दोन माणसांनी काळजी घेतली. मला ही बातमी दरवर्षी चांगलीच वाटते. पण "तुमच्या तिकडे" हे शब्द मला जास्त खटकतात, कारण ते खरे नाहीत.

माझं तिकडे म्हणजे आयर्लंड. इथे 1929 च्या कायद्याने संततिनियमनाचा प्रचार करणारं छापील साहित्य बंद होतं. 1935 च्या कायद्याने साधनं विकायला आणि देशात आणायला मनाई झाली. 22 मे 1971 रोजी डब्लिनच्या सत्तेचाळीस बायका आगगाडीने बेलफास्टला गेल्या, कारण तिथे ब्रिटिश कायदा होता. निरोध आणि शुक्रजंतुनाशक जेल मिळालं. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, तेव्हा त्यांनी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या, कारण कस्टमवाल्यांना फरक कुठे कळणार होता! संध्याकाळी डब्लिनच्या कॉनली स्टेशनवर उतरून त्यांनी सगळ्या वस्तू हात वर करून कस्टमवाल्यांना दाखवल्या. त्यांना जाऊ दिलं गेलं. माझी रोजची लोकल याच स्टेशनातून जाते. दोन वर्षांनी, 1973 मध्ये, एका विवाहित बाईचं टपालाने मागवलेलं जेल कस्टमने जप्त केलं होतं त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तरी निरोध चिठ्ठीशिवाय मिळायला 1985 उजाडलं. आज याच देशात सतरा ते पस्तीस वयाच्या बायकांना गोळी, तांबी, तातडीची गोळी सरकारी खर्चाने मिळते. ही योजना सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा पंचविसाव्या वर्षापर्यंतच होती.

आणि आपल्याकडे? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते 1921 साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं पहिलं केंद्र उघडलं त्याच वर्षी. आयर्लंडमध्ये छापायला बंदी आली तेव्हा त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक मराठीत निघत होतं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 पासून. निरोध 1968 साली चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या साखळीतून किराणा दुकानांत आला, पंधरा पैशांना तीन. तेव्हा डब्लिनमध्ये तो विकणं गुन्हा होता. आठवड्यातून एकदा घ्यायची, हॉर्मोन नसलेली गोळी लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झाली. ती युरोपात मिळतच नाही. (ती घेणाऱ्या बायकांनी पुरेसा साठा आणि 'ऑर्मिलॉक्सिफेन' हे नाव बरोबर आणावं, इथल्या डॉक्टरला 'सहेली' किंवा 'छाया' म्हणून काही कळणार नाही.) आशाताई घरपोच गोळ्या देतात. जीएसटी शून्य आहे.

त्यामुळे मोकळेपणा पाश्चात्त्य आणि संकोच आपला, ही वाटणी मला मान्य नाही. फरक मला दिसतो तो वेगळा. आयर्लंडमध्ये कायदा बंद होता आणि बायकांनी आपली वस्तू स्वतःच्या हातात धरून तो उघडायला लावला. आपल्याकडे सरकारनेच दार उघडलं, पण ते लोकसंख्येच्या आकड्यासाठी. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली तेव्हा तर त्या दाराचीच लोकांना दहशत बसली. बाईला स्वतःला काय हवं, हा प्रश्न भिंतीवरच्या, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणात कधी आलाच नाही. घरात तर नाहीच नाही.

म्हणून परदेशी निघणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या नवऱ्यांनाही, मी दुकानात सांगते तसंच सांगते. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ खोक्यात, चिठ्ठीच्या प्रतीसह, आणि खोक्याचा फोटो फोनमध्ये. घड्याळ सांभाळा. बडोद्यात रात्री नऊला गोळी घेत असाल तर हिवाळ्यात डब्लिनमध्ये तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणून पहिले काही दिवस फोनचा गजर भारतीय वेळेवरच ठेवा. फक्त प्रोजेस्टोजेनची जी गोळी असते तिच्या जुन्या प्रकारांत तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत बारा तास चालतात. आपली कुठली आहे ते निघण्याआधी विचारून घ्या. विमानात गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं धरायचं. इस्ट्रोजेन असलेली गोळी घेणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात उठून चालावं, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या गोळीने थोडा वाढतो. निरोध उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका, लेटेक्स खराब होतं. खोबरेल तेल आणि व्हॅसलिननेही होतं. जपानला जाणार असाल तर चिठ्ठीची औषधं परवान्याशिवाय एका महिन्यापुरतीच नेता येतात.

तपासणीत कुणी विचारलंच तर काय, ही धास्ती असते. मला एकदाच विचारलं, मुंबईला. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी माझ्या पाऊचमधून मेन्स्ट्रुअल कप काढला, उजेडात धरला. "ये क्या है?" मी सांगितलं. मागे रांग होती. त्यांनी तो दाबून पाहिला, पुन्हा पाऊचमध्ये ठेवला, चेन लावली आणि आवाज खाली आणून विचारलं, "दर्द होता है क्या? कितने का आता है?" मी किंमत सांगितली. त्यांनी शिक्का मारला.

कॅनडाची ती बॅग आल्यावर महिन्याभराने आत्याचा मला फोन आला. भावाने तिला सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं आता रागावेल. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली, सुरसागर तळ्यावर आता किती गर्दी असते वगैरे. मग म्हणाली, "दुसऱ्या बाळंतपणानंतर मी तांबी बसवून घेतली होती. मांडवीला बांगड्या भरायला जाते म्हणून सांगितलं आणि सरकारी दवाखान्यात गेले. एकटी. परत येताना खरंच बांगड्या भरल्या, नाहीतर सासूबाईंनी विचारलं असतं. तुझ्या आतोबांना मी दोन वर्षांनी सांगितलं."

मी काही बोलले नाही.

"मग माझ्यापासून तिने का लपवलं गं?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं.

मी म्हटलं, "तूच फोन करून विचार तिला. आणि बांगड्यांचंही सांग."