टोल जातो आणि परतही येतो

ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदीआनंद होता. ठाण्याच्या काकांनी मला उद्देशून लिहिलं, "तुमच्या सिडनीत हे केव्हाच झालं असेल!" परदेशात रस्ते गुळगुळीत आणि वर फुकट, हा आपल्याकडचा जुना समज. उत्तर लिहायला घेतलं तर ते ग्रुपवर मावेना.

आमच्या सिडनीच्या पश्चिम उपनगरांतून शहराकडे जाणारा मुख्य रस्ता म्हणजे एम-फोर मोटरवे. वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क ही मराठी मंडळींच्या ओळखीची नावं याच पट्ट्यातली. या रस्त्याच्या पॅरामाटा ते होमबुश पट्ट्यात 1992 पासून एक खाजगी कंपनी टोल घेत होती. फेब्रुवारी 2010 मध्ये कंत्राटाची मुदत संपली आणि टोल खरोखरच बंद झाला. खर्च वसूल झाला की नाका उठवा, ही मागणी आपण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं करतो. इथे मुदत संपताच तसं घडलं. पुढची सात वर्षं लोक त्या पट्ट्यातून फुकट गेले.

मग वेस्टकनेक्स नावाचा मोटरवे आणि बोगद्यांचा अवाढव्य प्रकल्प आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात याच साडेसात किलोमीटरच्या रस्त्याच्या प्रत्येक बाजूला तीनच्या चार लेन झाल्या. जुलै 2017 मध्ये रुंद रस्ता खुला झाला, पहिला महिना फुकट होता, आणि ऑगस्टच्या मध्यापासून टोल सुरू. रुंदीकरण एका लेनचं, टोल चारही लेनचा! ज्यांना परवडेना ते शेजारच्या पॅरामाटा रोडवर सिग्नल मोजत बसले. 2019 मध्ये होमबुशपासून पुढे हॅबरफील्डपर्यंत बोगदा झाला, त्याचा टोल वेगळा.

हे सगळं सरकारने उभारलं आणि मग विकलं. 2018 मध्ये 51 टक्के हिस्सा 9.3 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरला, 2021 मध्ये उरलेला 49 टक्के 11.1 अब्जाला, दोन्ही वेळा ट्रान्सअर्बन या टोल रस्ते चालवणाऱ्या कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाला. कंत्राट 2060 पर्यंत. टोल दरवर्षी चार टक्के किंवा महागाईच्या दराने, यातलं जे जास्त असेल त्याप्रमाणे वाढतो, आणि ही अट 2040 पर्यंत आहे. महागाई दोन टक्के असो की एक, टोल चार टक्क्यांनी वाढणारच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा टोल 2045 पर्यंत चालणार म्हणून काका चिडतात, त्यांना मी 2060 सांगितलं तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

तरी इथे कोणी रस्त्यावर का उतरत नाही? मला वाटतं, उतरायला नाकाच नाही. वर कमान, कॅमेरे, गाडीच्या काचेवरचा ई-टॅग टुंग करतो आणि पैसे खात्यातून जातात. आपल्याकडे मुलुंडहून ऐरोलीला जाताना नाका दिसायचा, रांग दिसायची, पावती हातात यायची. राग कशावर काढायचा हे स्पष्ट होतं. कोल्हापूरकरांनी मोर्चे काढून शहरातला टोल घालवला तो अशाच नाक्यांवर जाऊन. आता भारतातही बॅरियरविना टोलची तयारी चालू आहे. रांगा जातील हे चांगलंच. पण सोबत आंदोलनाची जागाही जाईल, आणि त्याबद्दल आपल्या चर्चांत कोणी चकार शब्द काढत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माफी म्हणजे बिल मिटलं असं नव्हे. कोल्हापूरचा टोल गेला तेव्हा कंपनीला भरपाई सरकारी तिजोरीतून मिळाली. मुंबईत हलकी वाहनं सुटली, कंत्राट कायम राहिलं, भरपाईचा प्रश्न सरकारच्या अंगावर आला. न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनीच्या राज्याने, तरी वेगळं काय केलं? जानेवारी 2024 पासून आठवड्याला 60 डॉलरच्या वर टोल भरणाऱ्यांना वरची रक्कम परत मिळू लागली, तीही कंपनीच्या नफ्यातून नव्हे, करदात्यांच्या पैशातून. म्हणजे वेस्टमीडहून ट्रेनने ऑफिसला जाणारी मी, यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन शहरभर कामं करणाऱ्या प्लंबरचा टोल भरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला हत्यारं घेऊन ट्रेनमध्ये चढता येत नाही, आणि घर स्वस्त म्हणूनच तो इतका लांब राहतो. तक्रार आहे ती कंत्राटाला कोणी हात लावत नाही याची.

(आणि हार्बर ब्रिज? तिथे 1932 पासून टोल आहे. पुलाचं कर्ज 1988 मध्ये फिटलं. दक्षिणेकडे शहरात येताना टोल आजही द्यावा लागतो. "खर्च वसूल झाला तरी टोल का?" हा प्रश्न फक्त मराठी माणसालाच पडतो असं नाही.)

इथली एक गोष्ट मात्र आपण उचलावी. राज्य सरकारने ॲलन फेल्स आणि डेव्हिड कझिन्स या दोन अर्थतज्ज्ञांना सगळ्या टोल रस्त्यांचा आढावा घ्यायला बसवलं. 2024 मध्ये त्यांचा अहवाल आला. रस्त्यागणिक वेगळी कंत्राटं करून पश्चिमेकडच्यांवर सर्वांत जास्त बोजा पडलाय, सगळ्या शहराला अंतरावर आधारलेलं एकच सूत्र लावा, दरांवर राज्याचा ताबा आणा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. महाराष्ट्रात टोलच्या कंत्राटांची माहिती मिळवायला कार्यकर्त्यांना माहिती अधिकाराचे अर्ज करत वर्षं घालवावी लागली. पण अहवाल वाचायला मिळणं वेगळं आणि कंपनीने करार बदलायला राजी होणं वेगळं. सरकारला वाटाघाटीला बसावं लागलं, कारण सही झालेली आहे, तीही सरकारचीच.

तोवर 60 डॉलरच्या वरचे पैसे हवे असतील तर दर तिमाहीला ऑनलाइन दावा करायचा. टोल कापून घ्यायला मात्र कोणाच्या अर्जाची गरज लागत नाही.