चालत्या स्काडाला खीळ घालू नये

बॉयलरचे तापमान, टाक्यांची पातळी आणि मोटारींचा वेग कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दाखवणारी आणि तिथूनच यंत्रे हाताळू देणारी आपली स्काडा प्रणाली बसवल्या दिवसापासून विनातक्रार चालू असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हे सौख्य असेच टिकवायचे असेल, तर सुरक्षेचे निमित्त काढून कोणीही तिला हात लावणार नाही, एवढीच दक्षता आपण घ्यायची आहे.

सुरुवात पासवर्डपासून करावी. कंपनीने यंत्रासोबत दिलेला पासवर्ड बदलणे हा देणाऱ्याचा अपमान आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील अलिक्विपा येथे पाणीपुरवठ्याच्या एका केंद्रातील पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक, परक्यांनी ताब्यात घेतला, तेव्हा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने तशी यंत्रे वापरणाऱ्या सर्वांना ‘११११’ हा मूळचा पासवर्ड बदलण्याची सूचना केली. रात्रपाळीच्या ऑपरेटरला अर्धवट झोपेतही आठवेल असा पासवर्ड सोडायला सांगणाऱ्यांनी कधी रात्रपाळी केली असेल, असे वाटत नाही. शिवाय याला मोठ्यांचाही आधार आहे. २०१० मध्ये सीमेन्सच्या विनसीसी या स्काडा प्रणालीत कायमचा कोरलेला पासवर्ड स्टक्सनेट हा व्हायरस वापरत असल्याचे उघड झाले, आणि तो पासवर्ड त्याआधी दोन वर्षे इंटरनेटवर पडून होता. तरीही, बदलल्यास प्रकल्पाचे काम बिघडेल म्हणून तो बदलू नये, असाच सल्ला कंपनीने ग्राहकांना दिला. आपण तर साधे कारखानदार.

पासवर्ड सर्वांना एकच असावा आणि मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला असावा. पट्टी पिवळी पडली की तिच्यावरच नवी लावावी. फ्लोरिडातील ओल्ड्समार गावाच्या जलशुद्धीकरण केंद्राने घरबसल्या संगणक हाताळण्यासाठी हीच समता पाळली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि पाण्यात मिसळायच्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दहा लाख भागांत १०० वरून ११,१०० वर गेले. ऑपरेटरने ते लगेच पूर्ववत केले, हा त्याचा भाबडेपणा. हे काम बाहेरच्याचे की आतल्याच कोणाच्या हातून चुकून घडलेले, अशी शंका पुढे निघाली. सर्वांचा पासवर्ड एक असला, की अशा चौकशीत कोणा एकावर अन्याय होत नाही.

‘आमची प्रणाली इंटरनेटला जोडलेलीच नाही’ हे वाक्य ऑडिटच्या दिवशी ठामपणे म्हणावे. व्हेंडरच्या सोयीसाठी टेबलाखाली लावलेला मोडेम आणि मुकादमाच्या खिशातला, गाणी भरलेला पेन ड्राइव्ह यांना इंटरनेट म्हणत नाहीत. जानेवारी २००३ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात स्लॅमर हा व्हायरस फायरवॉल ही नेटवर्कची राखण चुकवून सल्लागार कंपनीच्या लाइनवरून आत आला आणि सुरक्षेची आकडेवारी दाखवणारी प्रणाली जवळजवळ पाच तास बंद पडली. अणुभट्टी त्या वेळी बंद होती, ही पूर्वपुण्याई. व्हायरसवरचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, सहा महिने आधी आला होता. पण पॅच बसवायला शटडाउन लागतो, शटडाउनला वरिष्ठांची मंजुरी लागते आणि मंजुरीला कारण लागते. कारण घडेपर्यंत धीर धरावा, हे उत्तम.

पडद्यावर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवावी. इराणमधील नतान्झ येथे युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे १,०६४ हर्ट्झवर फिरायची. स्टक्सनेटने ती आधी १,४१० पर्यंत पळवली, नंतर पार २ हर्ट्झपर्यंत आणली. आणि या सर्व काळात कंट्रोल रूममध्ये मात्र आधी टिपून ठेवलेले नेहमीचे आकडे पुन्हा पुन्हा दाखवले. पडदा हिरवा, अलार्म गप्प, शिफ्टचे रजिस्टर नीटनेटके. यंत्रे मोडत राहिली, पण नोंदीत कुठेही खाडाखोड नाही. अशा वेळी एखादा जुना फिटर ‘साहेब, आवाज वेगळा येतोय’ म्हणत आला, तर त्याला पडद्यावरचा आकडा दाखवून परत पाठवावे.

एवढे करूनही काही घडलेच, तर खुलाशाचा मसुदा तयार असू द्यावा. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात व्हायरस शिरल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा २९ ऑक्टोबरला प्रकल्पाने नियंत्रण प्रणालीवर सायबर हल्ला शक्यच नसल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा महामंडळाने व्हायरस सापडल्याचे मान्य केले. तो प्रशासकीय कामाच्या संगणकात होता, नियंत्रण प्रणालीला धक्का लागलेला नाही, आणि ही माहिती आपल्याला ४ सप्टेंबरलाच मिळाली होती, असेही कळवले. तेव्हा इन्कार आणि कबुली अशी दोन्ही पत्रके आताच टाइप करून घ्यावीत, फक्त तारखेची जागा मोकळी सोडावी. आणि ती स्काडाच्या संगणकावर साठवू नयेत. ऐन वेळी तो उघडेलच, याची खात्री देता येत नाही.