घडी घातलीय फक्त

पाकिटावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डू नॉट बेंड. पाठवणारा भला माणूस असावा. पार्सल भारतात जातंय, कुणाला वाचता येईल न येईल, म्हणून त्याने खाली एक चित्रही काढलं होतं. मधोमध वाकलेलं पाकीट आणि त्यावर फुली. परवा संध्याकाळी कामावरून आले, तर आमच्या सोसायटीच्या पत्रपेटीत ते पाकीट हुबेहूब त्या चित्रातल्यासारखं वाकून बसलेलं. फुली तेवढी नव्हती.

आत एक मासिक होतं. मासिक आपलं म्हणायचं. दोन अंकांत कधी आठ महिने जायचे, कधी अडीच वर्षं. चार-पाच जणांनी पदरमोड करून काढलेलं, अर्धं चित्रांचं, अर्धं असल्या संगीताचं की जे रेडिओवर लागत नाही आणि लागलं तर लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. प्रत्येक अंकाबरोबर एक ध्वनिमुद्रण, कधी कॅसेट, कधी फ्लेक्सी. फ्लेक्सी म्हणजे पातळ प्लास्टिकची, कागदासारखी लवलवणारी तबकडी. ती मासिकात घालता येते, पाकिटात मावते, वजनाला काही नाही. वाजवताना सुईखाली घसरायला लागली तर वर एक नाणं ठेवायचं. या अंकातली फ्लेक्सी पुन्हा कुठेही निघालेली नाही. ती मी 5 महिने शोधत होते आणि एका परदेशी जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळाली. किती पैसे मोजले ते घरी सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

असल्या प्रकाराला मराठीत इतका नेमका शब्द आहे की मला त्याचा उगाच अभिमान वाटतो. अनियतकालिक. लेखक-प्रकाशक अशोक शहाण्यांनी 1963 साली काढलेल्या अंकाचं नावच होतं ‘असो’. नियम नाही, काळ नाही, असो. अमेरिकेत हा शब्द नसल्यामुळे बिचाऱ्यांचे हाल झाले. 1965 साली फिलिस जॉन्सन या बाईंनी ‘अ‍ॅस्पेन’ नावाचं मासिक काढलं. ते पुस्तकासारखं बांधलेलं नव्हतं, डब्यात यायचं. आत सुट्या पुस्तिका, पोस्टर, फ्लेक्सी तबकड्या, एका अंकात तर फिल्मची रीळसुद्धा. 6 वर्षांत 10 अंक निघाले. शेवटी तिथल्या टपाल खात्याने नियतकालिकांना मिळणारी सवलत काढून घेतली. हे नियतही नाही आणि कालिकही नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे टपाल आणि असली मासिकं यांचं वैर जुनं आहे. माझ्यापासून सुरू झालेलं नाही, एवढंच काय ते समाधान.

तर मी तक्रार करायला गेले. कुरियर कंपनीचं नाव घेत नाही, माझी अजून दोन पार्सलं यायची आहेत. त्यांचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, एका जुन्या गाळ्यात. वर्तकनगरहून रिक्षाने गेले. लहानपणी बाबांचा डबा द्यायला याच रस्त्यांवरून जायचे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिने हातात घेतलेली पहिली वसाहत ही. तेव्हा प्रत्येक गाळ्याचा वेगळा आवाज होता. डोळे मिटून चाललं तरी कुठे पोचलो ते कळायचं, इथे प्रेस, इथे लेथ, इथे ग्राइंडर. लेथ म्हणजे धातू फिरवत ठेवून तासायचं यंत्र. आता काचेच्या इमारती आहेत आणि सगळ्यांचा आवाज एकच, एसीचा. पण ते असो.

काउंटरवरच्या मुलाने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

“फाटलेलं तर नाहीये, मॅडम.”

“वाकवलंय. वर लिहिलंय वाकवू नका.”

“घडी घातलीय फक्त. घडी म्हणजे डॅमेज नाही. साडीलापण घडी असते.”

या वाक्याला उत्तर नाही. मी दोन दिवस शोधतेय.

त्याने संगणक माझ्याकडे फिरवला. त्यात माझ्या पार्सलची नोंद होती. ‘पोहोचवले. स्वतः स्वीकारले.’ मी त्या वेळी ऑफिसात होते. पुरावा म्हणून खाली फोटो जोडलेला, पत्रपेटीत वाकवून कोंबलेलं माझं पाकीट. “बघा, फोटोत व्यवस्थित दिसतंय,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “मिस्टर नाही आले?”

“पार्सल माझं आहे.”

“हो हो, ते नाव दिसतंय. पण टेक्निकल वस्तू आहे ना, मिस्टर असते तर बरं पडलं असतं.”

माझ्या मिस्टरांना गॅसचा रेग्युलेटर लावता येत नाही. पण हे मी बोलले नाही. नवऱ्याची इभ्रत कुरियरच्या काउंटरवर काढू नये, असं आईने शिकवलं नसलं तरी तिच्या बोलण्याचा एकूण रोख तोच असायचा.

मग वर्गवारी. दस्तऐवज, कपडे, औषधे, इलेक्ट्रॉनिक, खाद्यपदार्थ, इतर. मी म्हटलं, इतर. तो म्हणाला, इतर दाबलं की सिस्टिम हँग होते. म्हणून त्याने आतली वस्तू बघायला मागितली आणि मी मूर्खासारखी ती तबकडी काढून काउंटरवर ठेवली. काळपट, अर्धवट आरपार दिसणारी, मधून चुरमडल्याची पांढरी रेघ गेलेली.

शेजारच्या बाकावर एक काका बसले होते. पांढरा हाफ शर्ट, खिशात तीन पेनं, कानात यंत्र, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका. ते उठले, मला न विचारता तबकडी उचलली आणि दोन बोटांत धरून ट्यूबलाइटसमोर नेली. एक डोळा मिटला.

“मणका नीट दिसत नाही,” ते म्हणाले. “मिस्टरांचा का?”

“काका, हा एक्स-रे नाही. रेकॉर्ड आहे.”

“रेकॉर्डच म्हणतोय मी. जुनं रेकॉर्ड जपून ठेवायचं. डॉक्टर पहिलं तेच मागतो.”

“गाण्याची रेकॉर्ड, काका! गाण्याची!”

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. काकांनी कानातलं यंत्र जरा फिरवलं, तबकडी पुन्हा उजेडात धरली आणि अत्यंत समजूतदारपणे विचारलं, “एक्स-रेवर गाणं?”

आता माझी खोड अशी की चुकीच्या माणसानेसुद्धा बरोबर प्रश्न विचारला तर मी पाघळते. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात खरोखरच एक्स-रेवर गाणी कापायचे. परदेशी गाण्यांवर बंदी आणि रेकॉर्डसाठी माल मिळेना. मग दवाखान्यांतून टाकून दिलेल्या फिल्म आणायच्या, त्या गोल कापायच्या, मधलं भोक सिगारेटने पाडायचं आणि त्यावर चोरून गाणं कोरायचं. वर कुणाच्या तरी फासळ्या, खाली जॅझ. लोक त्याला फासळ्याच म्हणायचे. पुढे 1964 साली तिथल्याच सरकारने ‘क्रुगोझोर’ नावाचं मासिक काढलं आणि त्यात अधिकृतपणे पातळ प्लास्टिकच्या तबकड्या घातल्या. हे सगळं मी भर काउंटरवर, पाठीमागे सहा माणसं खोळंबलेली असताना सांगितलं.

काकांनी पूर्ण ऐकलं. निदान तसा चेहरा केला.

“म्हणजे पेशंटला विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

“नसावं.”

“बरोबर नाही ते.” मग जरा थांबून, “यावर कुणाचं गाणं आहे? लता?”

“गाणं नाहीये, काका. अंडरग्राउंड म्युझिक म्हणतात याला.”

काउंटरवरच्या मुलाचे हात की-बोर्डवर थांबले. “अंडरग्राउंड म्हणजे? परवानगी नसलेलं?”

“तसं नाही. म्हणजे लोकांना माहीत नसलेलं.”

“मग त्यात अंडरग्राउंड काय?” काका म्हणाले. “आपल्या घोडबंदरच्या मेट्रोचंपण कुणाला काही माहीत नाही. ती तर खांबांवर आहे.”

रांगेतला एक माणूस हसला. मला राग आला. वाक्य चांगलं होतं आणि माझं नव्हतं.

“मग आहे काय यावर?” काका सोडेनात.

सांगू नये असं वाटत होतं. पण सांगितलं. “लेथचा आवाज आहे. एका बंद पडणाऱ्या कारखान्यातल्या लेथचा. 4 मिनिटं.”

काकांनी तबकडी अलगद काउंटरवर ठेवली. मग खोका बाकावर ठेवला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच एक्स-रे आहे.

“मी टर्नर होतो, लेथवर,” ते म्हणाले. “इथेच, मागच्या रस्त्याला. 31 वर्षं. तुम्ही पैसे देऊन ऐकता तो आवाज?”

“हो.”

“मला तो ऐकायचा पगार होता. वर बोनस. आणि हे,” त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं, “हे त्याच्यातच मिळालं.”

कुणी हसलं नाही. मी म्हणणार होते, माझे बाबाही इथेच होते, त्यांनाही उजव्या कानाने कमी यायचं, आम्ही त्यांना हाक मारताना डावीकडून मारायचो. पण तेवढ्यात काकांमधला टर्नर जागा झाला.

“आरपीएम किती? मिनिटाला फेरे किती?”

मी तबकडीवरचं वाचलं. “तेहतीस.”

“लेथ? तेहतीसवर?” काका खरोखर दुखावले. “काय चेष्टा करता! तेहतीसवर माझी म्हातारी चालते. कसला जॉब होता? डाया किती होता?”

“लेथ नाही, काका, ही तबकडी तेहतीसवर फिरते.”

“मग लेथ किती फिरतोय?”

“ते लिहिलेलं नाही.”

“लिहायला पाहिजे,” काका म्हणाले. “मटेरियल लिहिलंय? कास्ट आयर्न का एमएस, माइल्ड स्टील? आवाजात फरक पडतो. टूल बोथट असलं तर किंचाळतं. नुसता लेथचा आवाज म्हणजे काय? उद्या म्हणाल नुसता माणसाचा आवाज.”

गेली 15 वर्षं मी असल्या संगीतावरची परीक्षणं वाचतेय. ‘पोत’, ‘अवकाश’, ‘औद्योगिक विषण्णता’ असले शब्द वाचून माना डोलावतेय. कास्ट आयर्न का एमएस, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

रेकॉर्डवर खाचा कोरणाऱ्या यंत्रालाही लेथच म्हणतात, असं मी सांगितल्यावर मात्र काका निवले. “मग ठीक आहे. म्हणजे लेथवर लेथ काढलाय.” आणि लगेच उपाय. कमी गरम इस्त्री घ्यायची, वर ओला पंचा घालायचा, हलक्या हाताने फिरवायची, रेघ गायब. मी म्हटलं, प्लास्टिक आहे, वितळेल. ते म्हणाले, हलक्या हाताने म्हटलं ना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, करून बघा, नाही झालं तर या. म्हणजे वाकवायचं त्यांनी, वितळवायचं मी आणि मग पुन्हा रांगेत उभं राहायचं.

एवढ्यात काकांचा नंबर आला. खोक्यात कुरडया होत्या, कराडहून बहिणीने पाठवलेल्या, पार चुरा झालेला. मुलाने वर्गवारी उघडली, खाद्यपदार्थ, तुटफूट, ओके. दोन मिनिटांत 150 रुपये मंजूर. “तशाही तळायच्याच होत्या,” काका मला म्हणाले, “चुऱ्याची भाजीपण होते.” नुकसान झालेलं नसताना त्यांना भरपाई मिळाली. मला मिळाला सल्ला.

माझं काय झालं? मुलाने शेवटी ‘दस्तऐवज’ दाबलं. दस्तऐवजाची भरपाई वजनावर आणि वजन 90 ग्रॅम. जो आकडा आला तो बघून मी म्हटलं, राहू दे. कोपऱ्यावरचा रद्दीवाला निदान “आणखी काय आहे का, ताई?” असं तरी विचारतो. मला खरंच संताप येतो याचा. पैशांचा प्रश्न नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण पैशांचाही आहे. कस्टमने पाकिटावर आधी ड्यूटी लावली तेव्हा ही वस्तू मौल्यवान होती. वाकल्यावर ती 90 ग्रॅम झाली. आणि त्या ‘मिस्टर नाही आले?’ची भरपाई तर कुठल्याच वर्गवारीत बसत नाही.

इस्त्री केली नाही. घरात मराठी विश्वकोशाचे 4 खंड आहेत, सलग नाहीत, रद्दीतूनच घेतलेले. तबकडी दोन कोऱ्या कागदांत घालून आठवडाभर त्यांच्याखाली ठेवायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच रात्री राहवेना. चोर बाजारातून आणलेला रेकॉर्ड प्लेयर पुसला, तबकडी ठेवली, वर 5 रुपयांचं नाणं.

लेथ सुरू झाला. आणि लगेच, टक्. मग पुन्हा टक्. रेघ सुईखाली आली की टक्. एक फेरा 1.8 सेकंदांचा, 4 मिनिटांत 133 फेरे. मी हिशेब करत बसले होते, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. ते किंचाळणं बोथट टूलचं होतं की कास्ट आयर्नचं, हे ऐकायचा प्रयत्न केला, तेवढ्यात टक्.

स्वयंपाकघरातून नवरा बाहेर आला. माझ्या असल्या रेकॉर्ड लागल्या की तो एरवी दार लावून घेतो. या वेळी दारात उभा राहिला, हातातल्या डावाने चौकटीवर ताल धरला आणि म्हणाला, “हे चांगलंय की. तुझ्या बाकीच्या रेकॉर्डना असा ठेका नसतो.”