काळ्या रानातलं पाणीही यायला हवं होतं

पाण्याच्या रसायनावरचा तुमचा लेख आवडला. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन सरळ रेषेत नसून 104.5 अंशांच्या कोनात असतात, म्हणून एका बाजूला थोडा ऋण आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन भार येतो, हे छान उलगडलंय. पण उदाहरणं सगळी पेल्यातली आणि समुद्रातली. आमच्या मराठवाड्यात हेच रसायन रानात दिसतं.

रब्बीची ज्वारी बघा. पेरणीनंतर पाऊस नसला तरी मालदांडी हे तिचं वाण कणसाला येतं, ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. काळ्या चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, धरून राहतं आणि माती फुगते. वाळली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खालची ओल त्यातून उडून जाते. म्हणून तर जुनी माणसं तण नसलं तरी कोळपं, म्हणजे माती वरवर हलवायचं अवजार, फिरवतात. भेगा बुजतात, वर भुसभुशीत मातीचा थर होतो, ओल खालीच राहते.

मात्र मातीने फार घट्ट धरलेलं पाणी मुळांना ओढता येत नाही. ढेकूळ फोडलं तर आत हाताला दमट लागतं, आणि शेजारचं ज्वारीचं ताट माना टाकून उभं असतं! सजीवांना पाणी लागतं म्हणताना ते मिळण्याजोगं लागतं, हेही लिहायला हवं होतं.

बोअरचं खारवट पाणी देऊन देऊन जमिनी चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणाऱ्या, होतात, त्यामागचं सोडियमचं रसायन पुढच्या लेखात जरूर घ्या. इकडे त्याची फार गरज आहे.