भाचा उठून गेला, तिथून पुढचा ‘ब्लो’

परवा रात्री भाच्याबरोबर ‘ब्लो’ पुन्हा पाहिला. २००१ सालचा, जॉनी डेपचा इंग्रजी पिक्चर, कोकेनच्या तस्कराची गोष्ट. पहिला तासभर पोरगं मोबाईलला हात न लावता बसलं होतं. नोटांची खोकी ठेवायला घरात जागा उरत नाही, तो सीन आला तेव्हा ‘मामा, नाद खुळा!’ म्हणून मांडीवर थाप मारली. पनामाच्या बँकेतले पैसे बुडाले आणि गडी उठलाच. ‘आता काय बघायचं त्यात? सगळं गेलं की त्याचं.’ गाडी काढून राजारामपुरीला गेला.

मला तो पिक्चर आवडतो तो तिथून पुढचा. म्हणून हे लिहितोय.

डेपनं केलेला तो तस्कर, जॉर्ज जंग, हा खरा माणूस. जन्म १९४२ चा, वाढला मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथ गावात. १९७४ ला शिकागोत ६६० पौंड गांजासह सापडला. जवळपास तीनशे किलो. मार्केट यार्डात गुळाचे तीस किलोचे रवे बघितलेत ना, तसले दहा. (आपल्याकडं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा वीस किलोच्या वर गेला की कमीत कमी दहा वर्षं कैद.) डॅनबरीच्या तुरुंगात त्याला कार्लोस लेडर भेटला, जो पुढं मेडेयिन कार्टेल या कोलंबियातल्या कोकेनच्या टोळीत मोठा झाला, पिक्चरमध्ये त्याचं नाव दिएगो आहे. जॉर्ज गांजावाला म्हणून आत गेला आणि कोकेनवाला होऊन बाहेर आला.

पण माझा जीव अडकलाय तो जॉर्जच्या बापात. रे लिओटानं केलाय तो. डेपपेक्षा जेमतेम साडेआठ वर्षांनी मोठा माणूस, तरी एकदाही खोटा वाटत नाही. घाम गाळून धंदा करणारा, दिवाळं निघालेला बाप. आई पैशासाठी घर सोडून जाते, परत येते, आणि पोरगं ठरवतं, आपण गरीब राहायचं नाही. पैसा खरा नसतो, असं बाप त्याला सांगतो. पोराला ते कळायला अख्खा जन्म जातो.

उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. मी नववीत असताना काम बंद पडलं, मशीन विकलं. आईनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. वडील मात्र संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसायचे आणि जेवणाच्या वेळेला गप्प परत यायचे. बाप असा गप्प झाला की पोराच्या डोक्यात काय काय येतं ते मला माहीत आहे. त्यामुळं लहानग्या जॉर्जचा तो निर्णय मला पटत नसला तरी कळतो.

पिक्चरवर माझा रागही आहे, आणि तो मोठा आहे. एवढा माल अमेरिकेत उतरला, तो ओढला कुणी? त्यातलं एक घर तरी दाखवायचं होतं. जॉर्ज स्वतः मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात कोसळतो, तेवढंच. बाकी त्याच्या मालानं कुणाचं काय झालं, याचा पत्ता नाही. डेपचा चेहरा समोर असला की आपण त्याच्यासाठी हळहळत बसतो. इथंच दिग्दर्शक टेड डेमी चुकला, असं मी ठामपणे म्हणतो. आमच्या गल्लीतली पोरं नोटांचा तो सीन स्टेटसला ठेवतात, त्याला पिक्चरची ही माया कारणीभूत आहे.

जॉर्जनं मुलीला कॅलिफोर्नियाला न्यायचा शब्द दिलेला असतो. ती बॅग घेऊन दारात बसून राहते, आणि बाप शेवटच्या डीलमध्ये पकडला जातो. तुरुंगातून तो आपल्या म्हाताऱ्या बापाला टेपवर निरोप पाठवतो, आणि बाप एकटा बसून तो ऐकतो. त्या सीनला मी दोन्ही वेळा रडलो. खरा जॉर्ज २०१४ ला सुटला आणि २०२१ ला त्याच वेमथमध्ये वारला, वयाच्या ७८ व्या वर्षी.

भाच्याला रविवारी परत बोलावलंय, उरलेला भाग बघायला. वडिलांनाही बसा म्हटलंय. त्यांना इंग्रजी येत नाही, पण टेप ऐकणाऱ्या लिओटाचा चेहरा त्यांना माझ्या आधी कळेल.