‘घरचं सर्टिफिकेट म्हणजे खोटी नोट’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीची यादी आणि टँकरचं बिल यांच्या मधोमध परवा एक मेसेज येऊन पडला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. मजकूर थोडक्यात असा: घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांनो, सावधान! स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट म्हणजे खोटी नोट. एक, त्याने डेटा एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) होत नाही. दोन, कंपनीकडून विकत घेतलेलंच सुरक्षित. तीन, घरच्या वायफायवर एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली कुलूपबंद जोडणी) लागतच नाही. चार, बनवायचंच असेल तर दहा वर्षांचं बनवा, इशारा आला तर ‘पुढे जा’ दाबा, काही होत नाही.

सुरुवातीला सावधान आणि शेवटी काही होत नाही! तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलंच, “अगं, तुझ्या त्या माळ्यावरच्या डब्याचं काय मग?” डबा म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड डेस्कटॉप, माझा घरचा सर्व्हर. घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन त्यावर असतात, आणि त्याला सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझरला दाखवायचं ओळखपत्र, मीच बनवून दिलं आहे.

‘त्याने एन्क्रिप्शन होत नाही.’ साफ चूक. सर्टिफिकेटात असतं काय? सर्व्हरचं नाव, त्याची जाहीर चावी, मुदत आणि खाली कुणाची तरी सही. डेटाला कुलूप घालायच्या चाव्या ब्राउझर आणि सर्व्हर दर जोडणीला नव्याने ठरवतात. सही कुणाची, हे त्या गणितात येतच नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सिक्युरिटीचा टॅब उघडला की माझ्या डब्यासमोर ‘टीएलएस १.३, एईएस १२८ जीसीएम’ असं येतं, ही कुलपाची जात. आपल्या बँकेचं पान उघडून तोच टॅब बघा, हेच किंवा याचंच एखादं भावंड दिसेल.

खरा प्रश्न वेगळा आहे: कुलूप तर लागलं, पण पलीकडे कोण बसलंय? आमच्या गेटवर कुणी आलं आणि ‘मी मीच आहे, ही बघा माझीच सही’ म्हणालं, तर ते सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट. वॉचमन त्याला अडवणार, आणि अडवायलाच हवं. पण मी आधीच खाली जाऊन वॉचमनकडे माझ्या सहीचा नमुना दिला, ‘या सहीची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर आमच्याकडे वर सोडा’ असं सांगितलं, तर तो चिठ्ठी बघतो आणि सोडतो. ही झाली स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी. सहीचा नमुना म्हणजे रूट सर्टिफिकेट, ते एकदाच फोन-लॅपटॉपमध्ये टाकायचं. मग त्या सहीने सर्व्हरसाठी हवी तितकी सर्टिफिकेटं काढायची. फॉरवर्डकर्त्याने दोन्ही प्रकार एकाच नोटेत गुंडाळले आहेत. आणि खोटी नोट दुसऱ्याच्या नावाने खपवतात. मी रिझर्व्ह बँकेची सही मारलेली नाही, माझीच मारली आहे, आणि ती चालते माझ्याच घरात.

‘विकतचंच सुरक्षित.’ विकत कशाला, लेट्स एन्क्रिप्ट नावाची अथॉरिटी २०१५ पासून फुकट देतेय. आणि मोठ्या नावाची सही म्हणजे अभेद्य, असंही नाही. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या अथॉरिटीत घुसून चोरांनी गुगलच्या नावाची सर्टिफिकेटं काढली. ब्राउझरांनी तिला विश्वासाच्या अथॉरिटींच्या यादीतून हाकललं आणि कंपनीचं दिवाळं वाजलं. लांब कशाला जा, जुलै २०१४ मध्ये आपल्या नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर या सरकारी संस्थेच्या व्यवस्थेतून गुगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गुगलच्या लक्षात आलं. भारताच्या सीसीएचं (अशा अथॉरिटींवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचं) रूट विंडोजच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरचे अनेक प्रोग्राम ती खरी मानत होते. फायरफॉक्सच्या यादीत ते रूट नव्हतंच, तो वाचला.

शिवाय १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरगुती पत्त्याला किंवा राउटरवर आपणच ठेवलेल्या ‘डबा डॉट लॅन’ असल्या नावाला कुठलीही सार्वजनिक अथॉरिटी सर्टिफिकेट देऊच शकत नाही. पूर्वी देत असत. ते बंद झालं, आणि उरलेली जुनी ऑक्टोबर २०१६ मध्ये रद्द करायला लावली. कारण सरळ आहे: ‘डबा’ लाखो घरांत असू शकतो, तो कुणाचा हे कंपनी कशी ठरवणार? म्हणजे हा सल्ला पाळायला गेलात तर दुकानदारच हात जोडेल.

स्वतःचं डोमेन (इंटरनेटवर आपल्या नावे नोंदवलेलं नाव) असेल तर मात्र मी म्हणेन, लेट्स एन्क्रिप्टच घ्या. मुंबईतल्या बऱ्याच घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो (राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला की समजायचं), त्यामुळे बाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत कुणी पोहोचत नाही. पण डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) एक नोंद टाकून मालकी सिद्ध करायची पद्धत तिथेही चालते. एकच खोच आहे. अशा प्रत्येक सर्टिफिकेटातलं नाव जाहीर नोंदवहीत जातं आणि तिथून पुसता येत नाही. मी पहिल्या उत्साहात फोटोंच्या सर्व्हरला मुलीचं नाव दिलं होतं. आता ते तिथेच राहणार. तुम्ही ही चूक करू नका, वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) घ्या, म्हणजे सर्व्हरचं नाव नोंदीत येत नाही.

‘घरच्या वायफायवर गरजच नाही.’ घर म्हणजे कुठलं घर? आमचा वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला आहे. आयपीएल फायनलला शेजारच्यांना दिला, एसीवाल्याला दिला, भाचा येतो तेव्हा त्याच्या तीन मित्रांना मिळतो. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत हा पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण पकडली, तर तो इतरांचा वायफायवरचा मजकूर उलगडू शकतो. मी सर्व्हरवरच टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं साधन) चालवून लॉगिन केलं होतं, तेव्हा साध्या एचटीटीपीवर माझा पासवर्ड, त्यातल्या उद्गारचिन्हासकट, टर्मिनलवर नागडा उभा होता. त्याच संध्याकाळी सर्टिफिकेटाच्या मागे लागले.

‘दहा वर्षांचं बनवा.’ हे मी केलेलं आहे. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट बनवायच्या साधनाला ३६५० दिवस सांगितले, क्रोम गप्प राहिला, नवऱ्याच्या आयफोनने मात्र दारातच उभं केलं. अर्धा रविवार मी राउटरला शिव्या घालत होते. कारण ॲपलचं: १ जुलै २०१९ पासून काढलेलं सर्व्हरचं सर्टिफिकेट ८२५ दिवसांहून जास्त मुदतीचं चालत नाही, मग सही घरच्या रूटची असो. रूटला दहा वर्षं दिली तर चालतात, सर्व्हरच्या सर्टिफिकेटला नाही. मी आता वर्षाचंच काढते. जुन्या कृती वाचून बनवणाऱ्यांची दुसरी ठेच म्हणजे नाव फक्त सर्टिफिकेटाच्या ‘कॉमन नेम’ या रकान्यात लिहिणं. क्रोमने २०१७ मध्ये, ५८ व्या आवृत्तीत, तिकडे बघणंच सोडलं. नाव आणि आयपी पत्ता दोन्ही ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्ये हवेत. एवढी खटपट नको असेल तर एमकेसर्ट नावाचं साधन हे सगळं निमूटपणे करून देतं.

‘“पुढे जा” दाबा, काही होत नाही.’ होतं. सेल्फ-साइन्डच्या दिवसांत मीच सासूबाईंना शिकवलं होतं, लाल पान आलं की ‘प्रगत’, मग ‘पुढे जा’, की नातीचे फोटो. काही महिन्यांनी त्यांच्या टॅबची बॅटरी पार उतरली, तारीख मागे गेली आणि विजेच्या बिलाच्या पानावर तसाच इशारा आला. त्या दिवशी तारखेचाच घोळ होता. पण त्यांनी न वाचता बोट खाली नेलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. “तूच शिकवलंस ना,” म्हणाल्या. स्वतःची अथॉरिटी बनवण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच: घरात लाल पान दिसायलाच नको, म्हणजे दिसलं तर थांबायचं असतं हे लक्षात राहतं.

आता जे फॉरवर्डमध्ये नाही आणि खरंच धोक्याचं आहे, ते. रूटची खासगी चावी (जिने सही मारायची ती) ज्याच्या हाती, तो तुमच्या फोनला कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट खरं म्हणून पटवू शकतो. २०१५ मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं निघालं. त्याचं रूट आणि त्याची खासगी चावी सगळ्या मशीनवर एकच होती, आणि चावीचा पासवर्ड काही तासांत फुटला. म्हणून माझी चावी सर्व्हरवर नाही. ती पासवर्ड घातलेल्या पेन ड्राइव्हवर, कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीशेजारी असते आणि वर्षातून एकदाच बाहेर येते. सर्व्हर उद्या कुणी फोडला तरी सर्टिफिकेटांपैकी हाती लागेल ते त्या एका डब्याचं.

गैरसोयही आहे, ती लपवत नाही. आयफोनमध्ये रूट टाकून भागत नाही, ‘अबाउट’मध्ये शेवटी जाऊन त्याच्यावरचा विश्वास वेगळा चालू करावा लागतो. अँड्रॉइड ७ पासून ॲप आपण टाकलेलं रूट आपणहून मानत नाहीत. ब्राउझरमध्ये फोटो दिसतात आणि ॲप रुसून बसतं, तेव्हा दोष सर्टिफिकेटाचा नसतो.

काकांच्या फोनमध्ये मी माझं रूट टाकलं नाही. मला ते विश्वासाचे वाटतात, पण त्यांच्या फोनवर माझ्या सहीला एवढा अधिकार कशाला? त्यांना मागच्या गणपतीचे फोटो हवे होते, ते पेन ड्राइव्हवर दिले. लॉकरमधला नाही, दुसरा.